तिसऱ्या रकान्यातलं शून्य

“खोटी आशा लावायची नाही. आज परत पाठवलंस तर माणूस एक दिवस रडेल. आशा लावून पाठवलंस तर वर्षभर रडेल, आणि त्या रडण्याचा वाटा तुझ्याकडे येईल.”

अक्कांचा हा आवाज कानात असतानाच बाईंनी ‘क्षीण’चा शिक्का शाईच्या गादीवर दाबला आणि समोरच्या चिठ्ठीवर आणला. शिक्का आणि कागद यांच्यात बोटभर अंतर उरलं होतं, तेवढ्यात खिडकीच्या जाळीबाहेरून एका मुलीचा प्रश्न आला.

“थांबा ना जरा. कशावरून?”

बाईंचा हात थांबला. दहा वर्षांत या खिडकीशी लोक रडले होते, भांडले होते, एका आजोबांनी तर चिठ्ठी वाचायच्या आधीच आशीर्वाद देऊन टाकला होता. पण ‘कशावरून’ असं कुणी विचारलं नव्हतं.

सरकारी विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयातलं हे टेबल परराज्यातल्या विद्यार्थ्यांचं. बाईंचा जन्म याच शहरातला, शिक्षण इथलं, नोकरी इथली. राज्याची हद्द त्यांनी उभ्या जन्मात ओलांडली नव्हती. तरी कार्यालयात सगळे त्यांना परराज्यबाई म्हणत. अर्ज भरण्याआधी बाहेरच्या मुलांनी इथे विचारायचं, समक्ष किंवा टपालाने, आणि बाईंनी तक्ता बघून प्रवेशाची शक्यता चिठ्ठीवर सांगायची: चांगली, मध्यम किंवा क्षीण. ही सोय बाईंच्या आधी या टेबलावर बसणाऱ्या अक्कांनी सुरू केली होती, निव्वळ दयेपोटी. कारण अर्जासोबत मूळ दाखले जमा करावे लागत आणि निकाल लागेपर्यंत ते परत मिळत नसत. इथे अर्ज केला की दुसरीकडची दारं बंद. लांबून आलेल्या पोरांचं वर्ष फुकट जाऊ नये, एवढंच अक्कांच्या मनात होतं.

तीन शिक्के टेबलावरच्या लोखंडी स्टँडला टांगलेले असत. ‘चांगली’ची मूठ अजून नवी दिसे. ‘मध्यम’चं रबर धारदार होतं. ‘क्षीण’ची मूठ मात्र अंगठ्याच्या जागी खोलगट झाली होती, आणि बाईंचा अंगठा त्या खळग्यात न बघता बसे.

“कशावरून म्हणजे तक्त्यावरून,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळातच हलका. त्यांनी तक्ता उलटा करून जाळीशी धरला. “हा पहिला रकाना गुणांचा. तुझे चांगले आहेत, एकोणनव्वद टक्के. दुसरा विषयाचा. तू भूजलशास्त्र मागितलंस, तिथे जागा आहेत. तिसरा रकाना तुझ्या राज्यातून आधी किती जणांना प्रवेश मिळाला त्याचा. तिथे शून्य आहे. तिसऱ्यात शून्य असलं की क्षीण. मग गुण कितीही असोत.”

मुलीने जाळीला कपाळ टेकवून तक्ता वाचला. अठराएक वर्षांची असेल. प्रवासात चुरगळलेला कुडता, आणि बोटांना शाईचे डाग, परीक्षा संपून तीन महिने झाले तरी.

“शून्य कितीपैकी?”

“म्हणजे?”

“म्हणजे दहा आले आणि दहाही परत गेले, की शंभर आले आणि शंभर परत गेले?”

बाईंनी तक्ता स्वतःकडे वळवला. असा रकाना त्यात नव्हता.

मुलीच्या शेजारी एक गृहस्थ छातीशी फाईल धरून उभे होते. इतका वेळ त्यांनी मोठ्या कष्टाने तोंड मिटून ठेवलं होतं.

“बाईसाहेब, मी हिचा मामा. तुम्ही हिचं मनावर घेऊ नका. ही घरातही अशीच. दूध उतू गेलं म्हटलं की किती गेलं विचारते. तुम्ही आपलं मध्यम लिहा आणि मोकळं करा आम्हाला. मध्यम म्हणजे काय हो, धड ना इकडचं, धड ना तिकडचं. मी सबंध आयुष्य मध्यम काढलंय, काही बिघडलं नाही.”

“मामा, खोटं मागायचं नाही,” मुलगी म्हणाली.

“अगं खोटं कुठे मागतोय? थोडं कमी खरं मागतोय.”

बाईंना हसू येत होतं. त्यांनी ते शाईची गादी सरळ करण्यात घालवलं. मामाने मात्र आता आवाज खाली आणला.

“त्याचं असं आहे. हिच्या बाबांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, एकच अट घातलीय. चिठ्ठीवर मध्यम आलं तर इथला अर्ज भरायचा. क्षीण आलं तर गुरुवारी सकाळी दहाला गावाजवळच्या अध्यापिका विद्यालयात दाखले जमा करायचे. तिथली जागा धरून ठेवलीय. दाजींचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. वाईट माणूस नाही, बरं का. बोअर मारतात. लोकांना तोंडावर सांगतात, बाबा रे, इथे पाणी नाही, उगाच खड्डा पाडू नकोस. आता तेच पोरीला सांगतायत.”

“बाबा दगड बघून सांगतात,” मुलगी म्हणाली. “हातात घेतात, फोडतात, जिभेला लावतात. तुम्ही काय बघून सांगताय?”

“पोरी, जीभ आवर,” मामा पुटपुटला.

“बोलू दे तिला,” बाई म्हणाल्या.

मुलीने क्षणभर मामाकडे पाहिलं. मग बाईंकडे.

“आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एक माळ आहे. तिथे पाणी नाही असं सगळे म्हणायचे. का, तर तिथे एकही विहीर नाही. आणि विहीर का नाही, तर तिथे पाणी नाही. मी लहानपणापासून बाबांच्या मागे लागले होते. शेवटी गेल्या वर्षी त्यांनी तिथे भोक पाडलं.”

“लागलं पाणी?”

“नाही. पण आता तो माळ कोरडा आहे हे आम्हाला माहीत आहे. आधी नुसतं म्हणत होते.”

बाईंनी शिक्का उचलला, फडक्याला पुसला आणि स्टँडला अडकवला.

“तीन वाजता या.”

“शिक्का वाळायला एवढा वेळ लागतो?” मामाने विचारलं. कुणी हसलं नाही म्हणून तोच थोडा हसला.

खिडकीवरच्या शेवटच्या माणसाला उत्तर दिल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा बाईंचा नेम होता. तो अक्कांनी घालून दिलेला नव्हता. स्वतःशीच धरलेला होता, आणि त्याबद्दल त्या कुणाशी बोलत नसत. दुपारी सगळे जेवायला उठले तेव्हा त्यांचा डबा टेबलाच्या कोपऱ्यावर तसाच राहिला, आणि बाई तळघराचा जिना उतरून दप्तरखान्यात गेल्या.

दप्तरखान्याच्या रखवालदाराला सगळे कुलूपकाका म्हणत. त्यांच्या कमरेला बेचाळीस किल्ल्या होत्या, आणि त्यातल्या तीसच कुलपांना लागतात असं ते स्वतःच सांगत.

“परराज्यबाई! वाट चुकलात की काय?”

“अर्जांच्या आवक वह्या हव्यात. चौदा वर्षांच्या. आणि चिठ्ठ्यांच्या स्थळप्रती.”

“अरे बापरे. दहा वर्षांत एकदा वही मागितली नाहीत, आणि आज एकदम चौदा?” काकांनी खुर्चीवरची धूळ झटकून ती पुढे केली. “बसा. इथे घाई करून चालत नाही. घाई केली की शिंका येतात.”

आवक वहीत राज्यवार पानं असत. बाईंनी मुलीच्या राज्याचं पान काढलं. गेल्या वर्षीचं कोरं होतं. त्याआधीचं कोरं. त्याआधीचंही. पानावर वर राज्याचं नाव, खाली आखलेल्या ओळी, आणि ओळींवर काही नाही. वह्या जुन्या होत गेल्या, शाई निळ्याची काळी झाली, लिहिणारे हात बदलले, पान कोरंच राहिलं. चौदाव्या वहीत, म्हणजे चिठ्ठीची सोय सुरू झाली त्या वर्षाच्या आधीच्या वहीत, दोन नोंदी सापडल्या. दोन्हींसमोर एकच शेरा होता: मुदतीनंतर पोचला, न उघडता परत.

बाईंनी तो शेरा वाचला, वही मिटली, पुन्हा उघडून वाचला.

दोन पाकिटं टपालात उशिरा पोचली होती. ती कुणी उघडली नव्हती. पुढच्या वर्षी अक्कांनी तक्ता केला तेव्हा प्रवेशाच्या रकान्यात शून्य आलं. शून्य आलं म्हणून चिठ्ठीवर क्षीण आलं. क्षीण बघून कुणी दाखले इथे अडकवले नाहीत. अर्ज आला नाही, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा शून्य.

स्थळप्रतींचा, म्हणजे कार्यालयात राहणाऱ्या नकलांचा, गठ्ठा त्यांनी मांडीवर घेतला. त्या राज्याच्या नावाने एकसष्ट चिठ्ठ्या गेल्या होत्या. सुरुवातीच्या अठरांवर अक्कांची उभी, ठाम सही. उरलेल्या त्रेचाळीसांवर बाईंची. प्रत्येकीवर नाव, गाव, गुण. ब्याण्णव. शहाऐंशी. एक्याण्णव. एका चिठ्ठीवर गुणांखाली मुलाने पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘उत्तर लवकर द्यावे ही विनंती.’ उत्तर लवकर दिलेलं होतं. त्याच दिवशी दिलेलं होतं. बाईंनी तारीख पाहिली आणि ओठ घट्ट मिटले.

गठ्ठ्याच्या अगदी वर यंदाच्या चिठ्ठ्या होत्या. त्या बघताना बाईंनी पिशवीतून एक वापरलेलं पाकीट काढलं आणि त्याच्या मागच्या बाजूला काहीतरी उतरवून घेतलं.

“काय सापडलं?” कुलूपकाकांनी विचारलं.

“काही नाही.”

“मग एवढा वेळ कशात गेला?”

“काही नाही, हेच सापडलं काका.” बाई उठल्या. “ही वही मी साहेबांकडे नेते.”

साहेब जेवून नुकतेच खोलीत आले होते. स्वच्छ, हसतमुख माणूस. कुणाचाही वाढदिवस न विसरणारा. त्यांनी बाईंना खुर्ची दाखवली, पण बाई उभ्याच राहिल्या.

“साहेब, तिसऱ्या रकान्यातलं शून्य चुकीचं आहे.”

“त्या राज्यातून कुणाला प्रवेश मिळाला होता?”

“नाही.”

“मग शून्य बरोबर आहे, बाई.”

“कुणी मागितलाच नव्हता. आपण चिठ्ठीवर क्षीण देतो, म्हणून कुणी अर्ज करत नाही. कुणी अर्ज करत नाही, म्हणून शून्य. शून्य आहे, म्हणून आपण क्षीण देतो.” त्यांनी वही टेबलावर ठेवली आणि कोऱ्या पानावर बोट ठेवलं. “नापास झालेल्याला शून्य देतात साहेब. परीक्षेला बसू दिलं नाही त्याला शून्य कसं देणार?”

साहेबांनी वही स्वतःकडे ओढली. पानं उलटली. ते मठ्ठ नव्हते. पहिल्या सांगण्यातच त्यांना समजलं होतं, आणि समजलं म्हणूनच त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. वही मिटून तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

“हे बाहेर गेलं तर काय होईल, विचार केलात? चौदा वर्षांतला प्रत्येक जण दारात येऊन उभा राहील.”

“राहू दे. दार आपलंच आहे.”

साहेबांनी चष्मा काढला. बाई असं काही बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं. बाई कार्यालयात बोलत म्हणजे डिंक संपला किंवा पंखा वाजतो, एवढंच.

“हे पाहा. तुमचं म्हणणं मी समितीपुढे ठेवतो. पुढच्या वर्षीच्या तक्त्यात दुरुस्ती होईल.”

“मुलगी आज आलीय.”

“तिला आजच्या तक्त्याप्रमाणे उत्तर द्या. पद्धत अक्कांनी घालून दिलीय. आणि तुम्ही तर त्यांच्याच तालमीतल्या.”

“अक्कांनी खोटी आशा लावू नकोस म्हणून सांगितलं होतं,” बाई म्हणाल्या. “खोटी निराशा लाव असं त्या म्हणाल्या नव्हत्या.”

बाहेरच्या बाकावरच्या शिपायाला आत काही चाललंय याचा पत्ताही लागला नसता, इतका तो आवाज नेहमीसारखा होता. साहेबांचा आवाज मात्र थोडा बदलला.

“समितीचा गोल शिक्का माझ्या कपाटात असतो. तक्त्याबाहेरच्या चिठ्ठीवर मी तो मारणार नाही.”

“मारू नका. सही माझी असते.”

“मग मला तुमचं टेबल बदलावं लागेल.”

“बदला, साहेब. तोवर ते माझं आहे.”

तीन वाजता मुलगी आणि मामा खिडकीशी आले तेव्हा बाईंनी चिठ्ठी तयार ठेवली होती. तीन शिक्क्यांपैकी एकही तिच्यावर नव्हता. शक्यतेच्या चौकटीत त्यांनी बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं, आणि चौकट अपुरी पडली म्हणून मजकूर खालपर्यंत उतरला होता. मामाने ती जाळीखालून ओढली आणि मोठ्याने वाचायला लागला.

“‘या राज्यातील एकही अर्ज या विद्यापीठाने गेल्या चौदा वर्षांत तपासलेला नाही. त्यामुळे अर्जदाराची शक्यता किती, हे या कार्यालयाला माहीत नाही. अर्जाची मुदत अजून अकरा दिवस आहे.’” मामाने मान वर केली. “माहीत नाही? सरकारी कचेरीला माहीत नाही, आणि तसं लिहून देतात? बाईसाहेब, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय.”

मुलीने त्याच्या हातातून चिठ्ठी घेतली. दोनदा वाचली. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. खांदे मात्र खाली आले, डोक्यावरची पाण्याची घागर कुणी उतरवून घ्यावी तसे.

“एकही नाही?” तिने विचारलं.

“एकही नाही. दोन आले होते, उशिरा पोचले. उघडले नाहीत.”

“आणि तुम्ही आत्तापर्यंत…”

“हो,” बाई म्हणाल्या. “त्रेचाळीस जणांना.”

मुलीने चिठ्ठी मामाकडे परत दिली. ती भांडली असती तर बाईंना सोपं गेलं असतं.

मामाने चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली, उजेडाकडे धरली.

“सगळं ठीक. पण गोल शिक्का कुठाय? दाजी आधी शिक्का बघतात, मग अक्षर. बिनशिक्क्याचा कागद त्यांच्या लेखी मीठ बांधायच्या कामाचा.”

“शिक्का मिळणार नाही. साहेबांनी नाही म्हटलंय.”

“झालं! गेलं मग सगळं.”

“मी सांगेन बाबांना,” मुलगी म्हणाली.

“तू सांगशीलच. पण तू पडलीस आपल्याच खटल्यातली वकील. ते म्हणतील, पोरीने कुणाकडून तरी लिहून आणलं. आणि मी सांगितलं तर काय म्हणतील ते मी इथे सांगत नाही. मी त्यांच्या बायकोचा भाऊ.”

बाईंनी टेबलावरची टाचणी उचलली, टाचण्यांच्या डबीत टाकली. मग दुसरी उचलली.

“इथून तुमचं गाव किती लांब?”

“दीड दिवसाची वाट. डोंगर ओलांडला की शेवटचा थांबा. आम्ही आज रात्रीच्याच गाडीने निघतोय.”

“बुधवारी संध्याकाळच्या आत मी येते.”

मामाने आधी बाईंकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे कुणी उभं आहे का तेही पाहिलं.

“कुठे येता?”

“तुमच्या घरी. शिक्का नसेल तर माणूस तरी असावं.”

मुलीने मामाकडून चिठ्ठी घेऊन तिची घडी घातली होती, ती हातातच राहिली.

“येऊन काय सांगणार? मला प्रवेश मिळेल असं?”

“नाही. मिळेल की नाही ते मला माहीत नाही, असं सांगणार. का माहीत नाही, तेही सांगणार. मग दाखले कुठे ठेवायचे ते तुम्ही ठरवा.”

मुलीने त्यांच्याकडे नीट पाहिलं, दगड हातात घेऊन बघावा तसं.

“मग या,” ती म्हणाली. “शब्द द्या.”

“दिला.”

चार वाजता बाईंनी डबा उघडला. पोळी वातड झाली होती, भाजीचं तेल गोठलं होतं. त्यांनी सगळं संपवलं. मग रजेचा अर्ज काढून कारणाच्या ओळीत ‘वैयक्तिक’ असं लिहिलं, ते खोडलं, आणि त्याच्यावर ‘कार्यालयीन चूक’ असं लिहून अर्ज साहेबांच्या टेबलावर, चष्म्याच्या घराखाली ठेवून दिला.

घरी ताई दिवाबत्तीच्या सुमाराला कपड्यांना इस्त्री करत होती. बाईंची ही थोरली बहीण पस्तीस वर्षं इस्पितळात परिचारिका होती, आणि निवृत्त झाल्यापासून सगळ्या गल्लीला पेशंट समजून वागत होती.

“रजा? तू?” तिने इस्त्री उभी केली. “उद्या सूर्य कुठून उगवतो ते उठून बघितलं पाहिजे.”

“त्याच्या आधी मला उठव. पहिली गाडी धरायचीय.”

मग बाईंनी पहिल्यापासून सांगितलं. सांगायला वेळ लागला, कारण मधेच त्या थांबत आणि चादरीची सुरकुती सरळ करत. ताई एकदाही मधे बोलली नाही. साहेबांच्या खोलीपर्यंत गोष्ट आली तेव्हा मात्र तिला राहवेना.

“‘दार आपलंच आहे’? असं म्हणालीस? ह्या मिणमिण्या आवाजात?”

“आवाज हाच आहे माझ्याकडे.”

ताई खदखदून हसली. हसता हसता तिने डोळे पुसले आणि लगेच कडक झाली.

“नोकरीची चार वर्षं राहिलीत तुझी. गप्प बसली असतीस तर चार वर्षं सुखात गेली असती.”

“दहा गेली तशी?”

ताईने घडी घातलेली साडी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घडी घातली.

“आणि त्या बापाने ऐकलंच नाही तर? तुला सांगता तरी येणार आहे का? घरात भाजी अळणी झाली तरी तू सांगत नाहीस. मुकाट गिळतेस.”

“नाही ऐकलं तर नाही. पण त्याला कुणी सांगितलंच नाही, असं व्हायला नको.”

“तू लागतेस कोण त्या पोरीची?”

बाई विचार करत राहिल्या. मावशी नाही, आत्या नाही, शिक्षिकाही नाही.

“कुणी नाही. तिच्या चिठ्ठीवर माझी सही आहे.”

ताई उठली. कपाटातून आपली जाड लोकरीची शाल काढून तिने बाईंच्या पिशवीत कोंबली.

“डोंगरात गार असतं,” ती म्हणाली. “आणि मान खाली घालून बोलू नकोस. ऐकणाऱ्याला वाटतं, आपण जमिनीशीच बोलतोय.”

मंगळवारी पहाट फुटता फुटता बाई बसस्थानकावर पोचल्या. झाडूवाली फलाटाला पाणी मारत होती. तिकिटाच्या खिडकीला जाळी होती आणि जाळीमागे एक डुलक्या घेणारा माणूस. जाळीच्या या बाजूला उभं राहायची बाईंना सवय नव्हती. पिशवी कुठे ठेवावी, हात कुठे टेकावेत, हे ठरवण्यात क्षणभर गेला.

“डोंगरापलीकडचा शेवटचा थांबा,” त्या म्हणाल्या, आणि आठवण होऊन मान वर केली. “एक.”

“जाऊन-येऊन देतो. स्वस्त पडतं.”

“नको. नुसतं जायचं द्या.”

“परत यायचं नाही?” तो माणूस जागा झाला.

“यायचंय. पण येताना मधे उतरायचंय.” बाईंनी पिशवीतून ते वापरलेलं पाकीट काढलं आणि मागची बाजू उजेडाकडे धरली. चार नावं होती, चार गावं, आणि प्रत्येक नावापुढे मागच्या आठवड्यातली तारीख. “या चार ठिकाणी.”

त्याने जाळीतून वाकून यादी वाचली.

“ही तर चार दिशांना चार गावं. नातेवाईक आहेत का?”

“नाही. चुकीचं उत्तर गेलंय त्यांना.”

त्याला काही कळलं नाही. त्याने तिकीट फाडून दिलं. बाईंनी ते पाकिटात ठेवलं, पाकीट पिशवीत, आणि चौकशी करत करत त्या गाडीपर्यंत गेल्या. गाडी सुटायला अजून दहा मिनिटं होती. आत कुणीच नव्हतं. बाई पुढच्या बाकावर खिडकीशी बसल्या, पिशवी मांडीवर घेतली, आणि वाट बघू लागल्या.